माळा, जिने आणि लिफ्टचे माप: नारायण पेठेतून वारज्याला घर हलवताना

नारायण पेठेतील आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवे घर तयार होईपर्यंतच्या तीन वर्षांसाठी आम्हाला वारज्यात भाड्याने जागा घ्यावी लागली. जागा आठवडाभरात ठरली. सामान कोणी हलवावे हे ठरायला मात्र महिना गेला. यजमानांचे म्हणणे असे की, दोन टेम्पो, चार हमाल आणि घरातली भाचेमंडळी एवढ्यात काम उरकते; १९६१ साली पानशेतच्या पुरानंतर त्यांच्या वडिलांनी सगळा संसार हातगाडीवर घालून हलवला होता, मग सात-आठ किलोमीटरसाठी कंपनी कशाला बोलवायची? माझे म्हणणे असे की, त्या संसारात फ्रिज नव्हता, वॉशिंग मशीन नव्हते, आणि जे पुरात गेले ते हलवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. शिवाय भाचेमंडळी आता हिंजवडीत नोकरीला आहेत आणि शनिवारी दहाच्या आत उठत नाहीत. सासूबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि ‘देव मात्र कोणाच्या हाती देऊ नका’ एवढेच सांगितले. अखेर आम्ही ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणवणाऱ्या एका कंपनीला काम दिले. त्या कामाचे हे परीक्षण. कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या या व्यवसायात सर्रास ऐकू येतात आणि पाटी बदलली म्हणून त्या बदलतात असे नाही.

आमचे जुने घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि दोन ठिकाणी काटकोनात वळणारा. दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि त्यावर प्रशस्त माळा. या घरात बावीस वर्षे काढली. नवे घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. घर हलवण्याचा विचार करणारे बहुतेक लोक आधी अंतर सांगतात, आम्हीही तेच केले. परंतु शहरातल्या शहरात घर हलवताना अंतराला फारसे मोल नसते, हे आम्हाला पहिल्याच चौकशीत कळले. टेम्पोने वारज्याला जायचे की कात्रजला, याने हजार-पाचशेचा फरक पडतो. तीन जिने की एक, टेम्पो दारापर्यंत येतो की बोळाच्या तोंडाशी उभा करावा लागतो, पलंग सुटा होतो की नाही, यांनी मात्र रक्कम दीडपट होते.

निर्णय घेण्यापूर्वी मी स्वतः करण्याच्या पर्यायाचा हिशेब कागदावर मांडला, आणि हा हिशेब प्रत्येकाने मांडावा असे मला वाटते, कारण ‘आपण केले तर निम्म्यात होईल’ हा समज त्याशिवाय जात नाही. मोठ्या टेम्पोच्या दोन खेपा प्रत्येकी ३,५०० प्रमाणे ७,००० रुपये. चार हमाल प्रत्येकी १,२०० प्रमाणे ४,८००. चाळीस खोकी साठ रुपयांप्रमाणे २,४००. चिकटपट्टी, सुतळी, बबल रॅप यांचे १,१००. दोन पलंग आणि भिंतीवरची फडताळे सोडवून पुन्हा जोडायला सुताराचे १,५००. एकूण १६,८०० रुपये. यात आमच्या श्रमांची किंमत शून्य धरली आहे आणि काही फुटले तर त्याचीही. कंपनीचा ठरलेला आकडा १९,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,५१०, म्हणजे २३,०१० रुपये. फरक ६,२१० रुपयांचा. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाचे घर हलले तेव्हा आम्ही चौघे सहा संध्याकाळी खोकी भरत बसलो होतो आणि तरीही शेवटच्या दिवशी निम्मे स्वयंपाकघर चादरींत बांधून न्यावे लागले होते. ते आठवल्यावर ६,२१० रुपये मला जास्त वाटले नाहीत. यजमानांना वाटले, पण आमच्या पुनर्विकासाच्या करारात बिल्डरने सामान हलवण्यासाठी २०,००० रुपये देण्याचे कलम आहे, त्याची आठवण करून दिल्यावर त्यांचा विरोध बराच सौम्य झाला.

चौकशीसाठी एका संकेतस्थळावर फोन क्रमांक टाकण्याची चूक मी केली. एका तासात अकरा फोन आले. ही संकेतस्थळे स्वतः सामान हलवत नाहीत; आलेली चौकशी अनेक व्यावसायिकांना विकतात, आणि तो प्रत्येक जण आपण मूळ कंपनीतूनच बोलत असल्याच्या थाटात बोलतो. पहिल्याने ‘वन बीएचके की टू?’ एवढाच प्रश्न विचारून ८,५०० रुपयांत ‘सगळे मिळून’ काम सांगितले. जिन्याविषयी त्याने विचारले नाही, मी सांगू लागले तर ‘होऊन जाईल, मॅडम’ म्हणाला. इतक्या कमी दरात होकार देणाऱ्यांविषयी जे ऐकू येते ते असे की, सामान टेम्पोत चढल्यावर ‘सामान जास्त निघाले’ म्हणून आकडा दुप्पट होतो आणि पैसे दिल्याशिवाय टेम्पो हलत नाही. आपला संसार दुसऱ्याच्या गाडीत कुलूपबंद असताना घासाघीस करण्याची ताकद कोणाच्या अंगात उरते? दुसऱ्या व्यावसायिकाने व्हिडिओ कॉलवर घर पाहिले, १६,००० सांगितले आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. तिसऱ्याने ‘माणूस पाठवतो, त्याशिवाय आकडा सांगत नाही’ असे उत्तर दिले, आणि मला वाटते आमची निवड त्या वाक्यावरूनच झाली.

जो माणूस आला तो पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात मोजपट्टी बाळगणारा. त्याने चप्पल बाहेर काढली, पाणी घेतले, आणि दिवाणखान्याकडे पाहण्याऐवजी वर पाहून म्हणाला, ‘ताई, माळा उघडून दाखवाल का?’ या एका प्रश्नासाठी मी त्या कंपनीचे पुढचे अनेक दोष माफ केले आहेत. व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना मी स्वतःदेखील माळा दाखवला नव्हता, कारण माळ्यावर सामान आहे हे आपण विसरलेलो असतो. माळ्याचा उपयोगच तो असतो. आमच्या माळ्यावर गणपतीचे मखर, तांब्याचा बंब, मुलाचा पाळणा, सासूबाईंच्या लग्नातली दोन मोठी पितळी पातेली, दिवाळीच्या आकाशकंदिलांचे सांगाडे, बंद पडलेले तीन पंखे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांत घातलेली आणखी रिकामी खोकी होती. त्या माणसाने वर चढून पंधरा मिनिटे मोजदाद केली आणि खाली उतरून सांगितले की, नुसत्या माळ्याची पंचवीस खोकी होतील. प्रत्यक्षात सत्तावीस झाली. एकूण खोकी ७१ भरली, म्हणजे आमच्या संसाराचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आम्हाला गेली कित्येक वर्षे दिसलेलाच नव्हता.

त्यानंतर त्याने जिन्याची रुंदी मोजली, गोदरेजचे लोखंडी कपाट वळणावर कसे फिरेल ते हाताने हवेत आखून पाहिले, आणि बोळात मोठा टेम्पो येत नसल्यामुळे सकाळी साडेसहाला बोळाच्या तोंडाशी गाडी लावावी लागेल, कारण पेठांत नंतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि जड वाहनांवर वेळेचे निर्बंध असतात, हेही सांगितले. त्याने मागितलेले २२,००० आम्ही १९,५०० पर्यंत आणले. कोटेशन लेखी होते, त्यात जिने, सुतारकाम, खोकी, दोन्हीकडची हमाली हे वेगवेगळे लिहिलेले होते. त्यावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि संकेतस्थळावर नोंदणीचे नाव व स्थिती दिसते, ते नाव कोटेशनवरील नावाशी जुळले. हे काम दोन मिनिटांचे आहे. पैशांचे हप्तेही लिहून घेतले: २,००० आगाऊ, १०,००० सामान भरल्यावर आणि उरलेले ११,०१० सामान उतरवून यादी जुळल्यावर. त्यांच्या छापील अटींत शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या जेमतेम दहा टक्के होता; तो निम्म्याच्या जवळ आणण्यासाठी मी जेवढा आग्रह धरला तेवढा दर कमी करण्यासाठीही धरला नव्हता, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

विम्याच्या बाबतीत मात्र या माणसाचे बोलणे गुळमुळीत झाले. सामानाच्या आपण सांगू त्या किमतीच्या तीन टक्के भरल्यास ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ मिळेल, असे कोटेशनच्या तळाशी छापले होते. आमच्या सामानाची किंमत तीन लाख धरली तर ९,००० रुपये, म्हणजे मूळ कामाच्या जवळजवळ निम्मे. पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची, पॉलिसीचा क्रमांक माझ्या नावाने मिळेल का, असे विचारल्यावर उत्तर आले की, ‘ती आमचीच हमी असते, ताई.’ विमा कंपनीने दिलेली पॉलिसी आणि सामान नेणाऱ्याने स्वतःच दिलेली हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात ज्याच्या हातून नुकसान झाले तोच ते किती झाले हे ठरवतो. आम्ही ते ९,००० भरले नाहीत. दागिने, कागदपत्रे, लॅपटॉप आणि सासूबाईंचे देव आम्ही रिक्षाने नेले, बाकीच्या सामानात काचेच्या दोन-तीन वस्तू सोडल्या तर फुटून हळहळ वाटावी असे काही नव्हते. ज्यांच्याकडे महागडी वाद्ये, मूर्ती किंवा चित्रे आहेत त्यांनी विमा कंपनीकडून वेगळी पॉलिसी घेता येते का ते आधीच पाहावे.

बांधाबांधीच्या दिवशी अकरा वाजता सहा माणसे आली आणि संध्याकाळी सहापर्यंत घर रिकाम्या भिंतींचे झाले. या भागाबद्दल माझी जवळजवळ तक्रार नाही. स्वयंपाकघर ज्याच्याकडे होते तो मुलगा विशीतला, फार बोलत नव्हता, पण काचेचा प्रत्येक पेला वर्तमानपत्रात गुंडाळून आत कागदाचा बोळा घालायचा, ताटल्या आडव्या न रचता उभ्या लावायचा, आणि खोके भरले की ते दोन्ही हातांनी हलवून कान लावायचा. आवाज आला की पुन्हा उघडायचा. मी बावीस वर्षे ज्या स्वयंपाकघरात वावरले ते त्याने साडेतीन तासांत चौदा खोक्यांत बसवले. पाटा-वरवंटा त्याने गोणपाटात बांधला आणि त्यावर काही ठेवायचे नाही अशी खूण केली. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे आणि भरलेला गॅस सिलिंडर कंपनी नेत नाही, हे आधी सांगितलेले होते. बरण्या मांडीवर घेऊन रिक्षात बसण्याचे काम माझ्याकडे आले. खटकले ते एवढेच की, चौदाही खोक्यांवर त्याने ‘किचन’ असे एकच लिहिले. वारज्यात पोहोचल्यावर चहाचे गाळणे सापडायला आठ खोकी उघडावी लागली आणि पहिला चहा आम्ही स्वच्छ रुमालातून गाळला. खोक्यावर आत काय आहे ते आपण स्वतः, जाड पेनाने, वर आणि एका बाजूला लिहावे. ते काम कोणत्याही कंपनीवर सोडू नये.

यंत्रांच्या बाबतीत त्यांचे ज्ञान माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि तो प्रवासात हेलकावे खाऊ नये म्हणून कारखान्यातून येताना मागच्या बाजूने लांब बोल्ट लावलेले असतात. मशीन बसवताना ते काढतात आणि बहुतेक घरांतून ते हरवतात. सुपरवायझरने ‘बोल्ट ठेवलेत का?’ असे विचारले तेव्हा मी मान हलवणार होते, इतक्यात माळ्यावरून उतरवलेल्या एका पिशवीत ते चारही बोल्ट सापडले. माळ्यावर काही ठेवू नये या माझ्या मताला यजमानांनी तेथेच आव्हान दिले. फ्रिज आदल्या रात्रीच बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करून ठेवायला सांगितले होते. जिन्याच्या वळणावर तो बराच कलता करावा लागला, म्हणून नव्या घरी चार तास सुरू करू दिला नाही. फ्रिज आडवा झाला की कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते आणि ते परत खाली बसायला वेळ द्यावा लागतो. एसी काढून पुन्हा बसवण्याचे त्यांनी २,४०० रुपये सांगितले होते, ते काम आम्ही आमच्या नेहमीच्या कारागिराला दिले. नळ्या सोडवण्यापूर्वी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन बंद करावा लागतो. ते न करता नळी कापली तर गॅस उडून जातो आणि नव्या घरी तो भरण्याचा खर्च वर येतो. ओळखीचा माणूस असला की हे त्याला सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो सातला आला, साडेसहाला नव्हे, आणि तोपर्यंत बोळाच्या तोंडाशी दोन स्कूटर आणि एक भाजीची गाडी उभी राहिली होती. ती हलवण्यात अर्धा तास गेला. अकराच्या सुमारास सामान भरून झाले. म्हात्रे पुलावरून कर्वे रस्त्याने वारज्यापर्यंतचा प्रवास निर्विघ्न पार पडला.

खरी अडचण नव्या घराच्या लिफ्टमध्ये उभी राहिली. पाहणीला आलेल्या माणसाने जुन्या घराचा जिना इंचाइंचाने मोजला होता. नव्या घराविषयी त्याने ‘लिफ्ट आहे का?’ एवढे विचारले आणि आम्ही ‘आहे’ म्हटले. लिफ्ट चार माणसांची आहे, तिच्यात तीन आसनांचा सोफा उभाही जात नाही आणि पलंगाच्या फळ्या तिरक्या केल्या तरी दार मिटत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. भरीस भर म्हणजे सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी दोन ते चार सामान चढवायला बंदी होती. तो नियम आम्हाला भाडेकराराच्या वेळी मिळालेल्या कागदात होता आणि आम्ही तो वाचला नव्हता. सहा माणसे दोन तास पार्किंगमध्ये बसून राहिली. चार वाजता सुपरवायझरने सोफा, पलंग आणि कपाट जिन्याने पाच मजले नेण्याचे ३,००० रुपये जादा मागितले. कोटेशनमध्ये ‘लिफ्ट उपलब्ध’ असे लिहिलेले असल्यामुळे त्याची मागणी पूर्णपणे अवाजवी होती असे मी म्हणणार नाही. पण घर न पाहता ते लिहिणारा माणूस त्यांचाच होता, असे मी त्याला सांगितले. वरिष्ठांशी तीन फोन झाल्यावर १,००० वर तडजोड झाली. अर्धी चूक आमची होती, म्हणून हे हजार मी वसूल होण्याजोग्या नुकसानीत धरत नाही.

शोकेसच्या काचेचे मात्र तसे नाही. शोकेसचे सरकते काचेचे दार काढून वेगळे बांधावे असे मी आदल्या दिवशी दोनदा सांगितले होते. ते फ्रेममध्येच ठेवून वरून पुठ्ठा गुंडाळला गेला आणि वारज्यात पुठ्ठा सोडल्यावर काच तीन तुकड्यांत बाहेर आली. सुपरवायझरचा पहिला पवित्रा असा की, काच आधीच तडकलेली असावी. बांधण्यापूर्वी मी प्रत्येक लाकडी वस्तूचे फोनवर छायाचित्र काढले होते, ते दाखवल्यावर हा मुद्दा संपला. दुसरा पवित्रा असा की, विमा घेतलेला नाही, त्यामुळे कंपनीची जबाबदारी नाही. मोबदला घेऊन सेवा देणाऱ्याची निष्काळजीपणाबद्दलची जबाबदारी विमा न घेतल्याने नाहीशी होत नाही, हे मी शांतपणे सांगितले आणि शेवटचा हप्ता हातात धरून ठेवला. हातातला हप्ता कायद्याच्या भाषेपेक्षा लवकर समजतो. काचेबद्दल १,५०० वजा झाले आणि जिन्याचे हजार मिळवून मी १०,५१० रुपये दिले, म्हणजे एकूण खर्च २२,५१० वर थांबला. नवी काच १,८५० ला बसली.

नुकसान याहून मोठे असते तर काय करायचे, याची माहिती मी नंतर काढली. रस्त्यावरील मालवाहतुकीसंबंधीच्या २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदाराविरुद्ध दावा करण्याआधी, सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडण किंवा फोनवरचे आश्वासन त्यासाठी पुरत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. या सगळ्यासाठी लागतात ती बिल, कोटेशन आणि सामानाची सही केलेली यादी. आमची यादी कंपनीने स्वतःहून केली होती, प्रत्येक खोक्याला क्रमांक होता आणि दोन्ही बाजूंची सही होती. उतरवताना ४३ क्रमांकाचे खोके सापडेना तेव्हा तिच्यामुळेच ते लगेच लक्षात आले. ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, त्याच्या जेवणाच्या डब्याखाली निघाले. आत सासूबाईंची औषधे होती.

‘चहापाणी’ हा शब्द कोटेशनमध्ये नसतो आणि तो कोणी टाळू शकत नाही. संध्याकाळी सहाही जण दाराशी रेंगाळले तेव्हा मी प्रत्येकी २०० रुपये दिले आणि ते मनापासून दिले. बोलताना कळले की, त्यांतले चौघे कंपनीचे कायमचे कामगार नाहीत. मजूर अड्ड्यावरून दिवसाच्या बोलीने आलेले, ९०० रुपये रोजावर. स्वयंपाकघर बांधणारा तो कान लावणारा मुलगाही त्यांतलाच. ओझे उचलणाऱ्याला ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि मान मिळावा म्हणून ज्या पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तेथेच टी-शर्टवर कंपनीचे बोधचिन्ह छापून आलेला माणूस प्रत्यक्षात कोणाचाच कामगार नसतो, ही गोष्ट मला शोकेसच्या काचेपेक्षा जास्त लागली. ग्राहक म्हणून याचा एक व्यावहारिक परिणामही आहे: आज जी माणसे उत्तम बांधणी करून गेली, तीच उद्या तुमच्याकडे येतील याची खात्री कंपनीसुद्धा देऊ शकत नाही. म्हणून अशा कंपन्यांविषयीच्या चांगल्या अभिप्रायांना, माझ्या या अभिप्रायासकट, मर्यादित अर्थ आहे. पाहणी करणारा, कोटेशन लिहिणारा आणि सुपरवायझर हे तेवढे कंपनीचे कायमचे, आणि पारख करायची ती त्यांची.

तर कंपनी बोलवावी का? एकट्या माणसाचे किंवा नुकता संसार मांडलेल्या जोडप्याचे सामान असेल, घर पहिल्या मजल्यापर्यंत असेल आणि पलंग-कपाटे घरमालकाची असतील, तर छोटा हत्ती आणि दोन हमाल पुरे होतात; रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन बांधाबांधीचे सामान आणले की झाले. तेथे कंपनीला वीस हजार देणे मला उधळपट्टी वाटते. आमच्यासारखे जुने, माळ्यासकटचे घर असेल, घरात वृद्ध माणूस असेल आणि जिने असतील, तर कंपनीच बोलवावी, पण घर पाहायला न येणाऱ्याला दारातही उभे करू नये आणि दोन्ही घरे दाखवल्याशिवाय कोटेशनवर सही करू नये. मधला मार्गही आहे, आणि पुढच्या वेळी कदाचित मी तोच धरीन: कपडे, पुस्तके, अंथरुणे आपण भरावीत, आणि स्वयंपाकघर, काच, यंत्रे व अवजड सामान एवढ्याचेच कोटेशन घ्यावे. दर महिन्याच्या अखेरीस आणि दसरा-पाडव्याच्या आसपास चढतात. पितृपक्षात लोक घर हलवत नसल्यामुळे ते उतरतात. सासूबाईंसमोर हा पर्याय मी मांडला नाही.

या कंपनीला पाचपैकी साडेतीन गुण देते. बांधणीला पूर्ण, पाहणीला नव्या घराच्या लिफ्टपुरते कमी, नुकसानीच्या वेळच्या वागण्याला अगदी थोडे. आठ दिवसांनी येऊन रिकामी खोकी परत नेण्याचे त्यांनी कबूल केले होते, त्यासाठी कोणी आले नाही. जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पुढच्या महिन्यात धायरीला जात आहेत, त्यांनी त्यांतली चाळीस नेली आणि पाहणीला आलेल्या त्या माणसाचा फोन क्रमांकही. माळ्यावरून उतरलेली सत्तावीस खोकी मात्र न उघडता बाल्कनीत उभी आहेत, कारण भाड्याच्या घराला माळा नाही.